टिपायची, पुसायची न्हाय

माझ्या धाकट्या दिराइतका बिनकामाचा कामसू माणूस अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडणार नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं म्हैस घेतात, शेताकडे बघतात. यांनी काळी मोटार घेतली, आणि तेव्हापासून ती चालवण्यापेक्षा वाळवण्यातच यांचा जन्म चाललाय. धुवायला काय, कुणीही धुतं. वाळवायचं शास्त्र म्हणे वेगळं. गाडी सावलीत हवी. पाणी आधी आपलं आपण निथळू द्यायचं, मग टपापासून खाली यायचं, आणि फडकं घासायचं नाही, नुसतं ठेवून उचलायचं. "वयनी, टिपायची. पुसायची न्हाय." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. फडकं जमिनीला लागलं की बाद, कारण त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते. सदऱ्याची बटणं लागतात, पट्ट्याचं बक्कल लागतं, म्हणून हा शिकलेला गृहस्थ बनियन आणि नाडीच्या चड्डीवर रस्त्याकडेला उभा. एकदा स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांनी यांनाच गडी समजून विचारलं, "मालक हायत का घरात?" हे म्हणाले, "हायत की. पण गाडी वाळंस्तवर भेटायचं न्हाईत," आणि टिपत राहिले.

माझ्या मुलाचं लग्न मलकापूरला होतं. जाताना वाटेत भुरभुर पाऊस लागला, आणि इकडे अक्षता पडत असताना मुलाचा सख्खा काका मांडवामागं गाडी टिपत होता. एकाही फोटोत नाही. वर मलाच म्हणतात, "पाण्याचं डाग पडत्यात, वयनी."

दुकानातली फडकी यांना पटत नाहीत. यांना लागतं आक्काचं जुनं लुगडं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यापासून इथंच असते. नवं लुगडं कडक, म्हणून ते नको. आक्कानं नेसून, धुऊन धुऊन पार विटवलं की मग काठ कापून ते गाडीला चालतं. आक्का म्हणायची, "लुगडी मऊ करायलाच ठिवलंय बघ मला ह्यानं."

तिचं मागणं एकच होतं. गुडघे गेल्यापासून एसटीची पायरी चढवत नव्हती, तेव्हा एकदा गाडीतून जोतिबाला न्यावं. पण तिथं गुलाल उधळतात, आणि काळ्या रंगावर गुलाल म्हटलं की या माणसाच्या छातीत कळ येते. "गर्दी कमी झाली की जाऊ, आक्का," असं करत वर्षं गेली. शेवटी मीच तोंड सोडलं. "भावजी, गुलाल थांबायची वाट बघताय व्हय? गुलाल थांबायचा न्हाय. आक्का थांबंल, असंबी न्हाय." तेव्हा कुठं येत्या रविवारी नेतो म्हणाले.

रविवार यायच्या आधीच आक्का न्हाणीत घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. गाडीत बसायचं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं.

मला वाटलं, सुटले भावजी. पण रविवारी सकाळी एकटेच गाडी घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेले, आणि दुपारी आले तेव्हा गाडी ओळखू येईना. टपापासून चाकापर्यंत नुसता गुलाल. उगंच पडलेला नव्हे, मुद्दाम उधळून घेतलेला. काचा वर करून, एवढंसुद्धा न झटकता आणला होता. गाडीचं तोंड त्यांनी आक्काच्या बाजेजवळच्या खिडकीला टेकवलं आणि म्हणाले, "आक्का, हात घाल भायेर."

तिनं गजांतून हात काढला, बोनटवर चारी बोटं दाबली आणि कोरड्या गुलालातून ओढली. कपाळाला लावली, पुन्हा ओढली. "चांगभलं," म्हणाली. रस्त्याची धूळ होतीच त्यात. घासल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. हा माणूस शेजारी उभा राहून बघत होता, आणि टिपायची असं एकदाही म्हणाला नाही.

ओरखडे अजून आहेत. रंगवाला घालवून देतो म्हणतो, हे नको म्हणतात. बाकी शास्त्र तसंच चालू आहे, बनियनसकट. फक्त आक्का आता बाजेवर गाऊनच घालते, त्यामुळे लुगडी मऊ व्हायची थांबली. शेवटचं फडकं पार जाळीदार झालेलं दिसलं, तेव्हा परवा मी माझं एक जुनं लुगडं नेऊन त्यांच्या बादलीशेजारी ठेवलं.

त्यांनी ते चिमटीत धरून चोळून बघितलं. "अजून कडक हाय, वयनी. वरीसभर नेसा."

नेसतेय.