पाटाला चढ नाही

येडगावच्या धरणातून निघालेला आमचा पाट वळतो, लपतो, पण चढत कुठेच नाही. पाण्याला चढ जमत नाही. त्या पाटाच्या भरावावर बहिरूची उभी हयात गेली. तो पाटकरी, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा. त्याची काळी सायकल इतकी जड, की दुसरा कुणी मागायलाच जात नसे.

दोन हजार चार साली गावाने तिहेरी शर्यत ठेवली. एकाने धरणात पोहायचं, दुसऱ्याने पाटावरून लांबवर सायकल मारायची, तिसऱ्याने पळायचं. आमच्या संघात पोहायला बहिरूचा दोस्त भागू, सायकलला बहिरू, पळायला बहिरूची लेक समृद्धी. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाचे सर पळणाऱ्या पोरी निवडायला येणार होते. अट एकच होती. देवळातली घंटा वाजायच्या आत सायकलवाला पोचला नाही, तर त्याच्या संघाने पळायचं नाही.

आदल्या दिवशी नारायणगावात पारसशेठच्या सायकलच्या दुकानात बहिरूने शर्यतीला आलेल्या शहरातल्या संघाची सायकल पाहिली. तिचं चाक एका बोटावर उचललं जात होतं.

"शेठ, माझ्या चाकाच्या थोड्या तारा काढा. हलकं व्हऊ द्या."

"येड लागलं का बहिरूभाऊ? घाट असता तर वजन नडलं असतं. सपाटीला जड चाक सुटायला तेवढं आळशी, सुटलं की पळतंय. हवा टाईट भर आणि वाऱ्यापुढं वाकून चालव."

"तुमचं काय जातंय? पोरगी माझी हाय."

"म्हणून तर सांगतोय. तारांना हात लावू नको."

घरी येऊन बहिरूने मागच्या चाकाची एकाआड एक तार काढली.

भागू पाण्यातून दुसरा निघाला. बहिरूने टांग मारली. सुटताना सायकल हलकी वाटली खरी, पण पुढे वारा तोंडावर आला आणि शहरवाल्याची वाकलेली पाठ होती तेवढीच लांब राहिली. चाकाच्या हलकेपणाने काहीच हाती लागलं नव्हतं.

मग टण्ण झालं. उरलेल्यातली एक तार तुटली.

चाक डुलू लागलं, रिम ब्रेकच्या रबराला घासू लागली. मागून कुणी कॅरिअर धरून ओढावं तसं झालं. तो उतरला आणि दोन्ही रबरं उपटून पाटात फेकली. पुढचा ब्रेक कधीच मेला होता. आता थांबायची सोयच नव्हती. एका बाजूला भरून वाहणारा पाट, दुसऱ्या बाजूला ऊस. आणखी एक तार गेली. बहिरूने खाली बघितलं नाही.

देवळापाशी एका माणसाने घंटेची दोरी हातात धरली होती. रेघेवर समृद्धी उभी.

"पोरी, मला थांबता येत न्हाई. हात पुढं कर."

तिने हात पुढे केला. तळव्यावर तळवा वाजला, मग घंटा. समृद्धी सुटली आणि बहिरू सायकलीसकट पाटात गेला.

भागूने त्याला ओढून काढलं.

"सुटली का रं?"

"सुटली. सर मोटारसायकल काढून तिच्या मागं गेलेत. तू बी पाटात लई लांब सुटला व्हतास."

जूनमध्ये समृद्धी पुण्याच्या वसतिगृहात जायला निघाली. तिची लोखंडी पेटी बहिरूने त्याच सायकलवर लादून नारायणगावच्या स्टँडवर नेली. मागच्या चाकात सगळ्या तारा नव्या होत्या. पारसशेठने दुकानातूनच विचारलं, "काय बहिरूभाऊ, जड जातीय का?"

"पाटापाटानं आलो, शेठ," बहिरू म्हणाला. "पेटीचं कायच वाटलं न्हाई."

समृद्धी मागून चालत होती. तिच्याकडे मात्र त्याने वळून बघितलं नाही.