विचारायचं, सांगायचं नाही

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर शेवटी ‘शेरा’ नावाचा बोटभर रकाना होता. त्यात मावलं तेवढं ऑफिसात गेलं, न मावलेलं सगळं माझ्याकडे साठलं. दोन वर्षं मी भिवंडीत दारोदार एकच चौकशी करत हिंडले: काल दिवसभरात बाळाला काय काय दिलं? लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, मुलगी काय करते? आईने सांगितलं, दुसऱ्यांची पोरं काय खातात ते लिहून आणते. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

*

पहिला धडा टेमघरला मिळाला. वर्षाचं पोर, आई समोर बसलेली.

“काल बाळाने काही खाल्लं?”

“काय न्हाय खाल्लं.”

पोराच्या हातात बिस्कीट, हनुवटीवर चहाचा ओघळ.

“ताई, हे काय मग?”

“ते बिस्कीट हाय.”

“ते खाणं नाही का?”

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “खानं म्हंजे भात, भाकर. बिस्कीट काय, ते हातात असतंच.”

तेव्हापासून आम्ही एकेक पदार्थ नाव घेऊन विचारायला लागलो. ही यादी पुढे मला महागात पडणार होती, पण ते नंतर.

*

नारपोलीत लूमवाल्यांच्या चाळी. तिथे हिंदी घरांत माझ्याबरोबर आमच्याच सर्व्हेतली शबाना असायची. तिचा आवाज खणखणीत, लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा. एका खोलीत भिंतीपलीकडे आठ लूम चालू आणि झोळीत तीन महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं. मला तर माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

शबानाने ओरडून विचारलं, “कल दिन भर में कितनी बार दूध पिलाया?”

बाई बोटं मोजायला लागली, मग नाद सोडला. म्हणाली, “जितनी बार लाइट गयी, उतनी बार.”

आम्हाला कळेना. तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबले, एकदम शांत झालं, आणि झोळीतून पोराने टाहो फोडला. बाईने त्याला उचलून पदराखाली घेतलं आणि आमच्याकडे बघून हसली. फॉर्ममध्ये आकडा लिहायचा होता. शबाना शेजारी जाऊन काल लाइट कितीदा गेली ते विचारून आली.

*

किती खाल्लं हे दाखवायला आमच्याकडे स्टीलची एक वाटी असायची. सगळीकडे तीच, म्हणजे माप सारखं पडावं. ती बाईच्या हातात द्यायची आणि विचारायचं, अशा किती वाट्या भात? एका घरी बाईने वाटी हातात घेतली, उलटीपालटी केली, आत जाऊन फळीवर मांडून आली. परत मागायची मलाच लाज वाटली. तरी मागितली. तर दारात बसलेले सासरे म्हणाले, “वाटी तर वाटी. ताट कंदी देनार तेवडं सांगा.”

*

आता अकलोलीचं सांगते. तिथे गरम पाण्याच्या कुंडांच्या अलीकडे एक घर होतं. हिराबाय नावाची आजी, तिची सून वैशाली आणि दोन महिन्यांचा नातू. या बाळाकडे दर महिन्याला जायचं होतं. आमच्या दामले मॅडमची सक्त ताकीद होती, “विचारायचं, सांगायचं नाही. तुम्ही शिकवलंत तर लोक तुमचीच उत्तरं तुम्हाला परत देतील, मग मोजणार काय?” ज्याने सल्ला दिला त्याची नोकरी गेली, इतकं साफ.

पहिल्या वेळी मी यादी वाचली. पाणी? न्हाय. साखरपाणी? न्हाय. मध? न्हाय. गाईचं दूध? न्हाय. डब्याचं दूध? न्हाय. पोर फक्त आईच्या दुधावर, टुणटुणीत. मी मनातून खूश. पण प्रत्येक ‘न्हाय’ला हिराबायचा चेहरा उतरत होता, तिकडे मी लक्षच दिलं नाही.

महिन्याने गेले तर हिराबाय ओटीवरच वाट बघत बसलेली. “ये बाय. आता इचार.”

पाणी? हाय. साखरपाणी? हाय. मध? हाय, वज्रेश्वरीवरून आनला. गाईचं दूध? हाय. डब्याचं? तिने डबाच आणून समोर ठेवला.

“तुमच्या कागदात व्हतं ना सगलं. सरकार इचारतं म्हंजे पोराला दिला पायजे. आमी पयले कायच देत न्हवतो, मलाच लाज वाटली.”

वैशाली मान खाली घालून बसली होती. मांडीवरचं पोर चार दिवसांच्या जुलाबांनी वाळून गेलं होतं. रडायलाही त्याच्यात जोर नव्हता. ती यादी मीच वाचली होती, माझ्याच तोंडाने.

पेनाला टोपण लावलं आणि सगळं सांगून टाकलं. पाणीसुद्धा नको, फक्त आईचं दूध, आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मग हात जोडले. “आजी, मी बोलले हे कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल.”

हिराबाय “बरं” म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

पुढच्या महिन्यात दामले मॅडम स्वतः माझ्याबरोबर जीपमध्ये. पहिल्या फॉर्ममध्ये सगळं नाही आणि दुसऱ्यात सगळं हो, हे त्यांना खटकलं होतं.

पोर वैशालीच्या मांडीवर पाय झाडत होतं, गाल भरले होते. ते बघून माझा जीव भांड्यात पडला, पण नोकरीचा अजून टांगलेलाच होता. मॅडमनी यादी स्वतः वाचली. न्हाय, न्हाय, न्हाय, न्हाय, न्हाय.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. “आजी, मागच्या महिन्यात सगळं देत होतात. आता एकदम बंद. हिने काही सांगितलं का तुम्हाला?”

हिराबायने मला नखशिखांत न्याहाळलं.

“ही? ही काय सांगनार. पोरगं जुलाबानं मरायला टेकलं व्हतं, तरी ही बाय टकामका बघत कागद भरत बसली. दया न्हाय, माया न्हाय. डाक्टरनं सांगलं म्हनून वाचला माझा नातू. असली मान्सं कशाला पाठवता हो तुमी?”

वैशालीने तोंडाला पदर लावला.

मॅडम तरातरा जीपकडे निघाल्या. आत बसल्यावर म्हणाल्या, “मीनाक्षी, नियम तो नियम, कबूल आहे. पण लेकरू इतकं आजारी असताना तुला एक शब्द सांगवला नाही? दगड आहेस का तू?”

मी म्हटलं, “चुकलं मॅडम.”