गळून वाढणारं तेल

“इकी टाका ही गाडी, आप्पा! आजना आज इकी टाका!”

दिनेश इतक्या मोठ्याने ओरडला की माझ्या गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यातली काही अजून परत आलेली नाहीत. तो सुरतेहून आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेसाठी, गावी कोरीटला आला होता. सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर आप्पांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही, आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत आरामात शिरली. कोणाला ओरखडाही आला नाही, पण दिनेशचा धीर गेला. आप्पांना आणि जिजींना गाडीसकट नंदुरबारला माझ्या दारात येऊ दिलं ते एवढ्याचसाठी, की मला चार माणसांत झाडता यावं.

“आणि तुम्ही मिस्तरी! दोन वेळा रिपेअर केली ना? मग हे काय आहे?”

त्याने मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. टायरवर तेल, रिमवर तेल, ब्रेकमध्ये तेल.

आप्पा नीमाच्या झाडाकडे बघत उभे. आणि ज्यांच्यावरून हे भांडण, त्या जिजी, म्हणजे आप्पांची बायको आणि दिनेशची आई, साइडकारमध्ये पाय लांब करून, डोक्यावर पदर घेऊन जहागीरदारणीसारख्या बसलेल्या.

“जिजी, तू उतर आधी,” दिनेश म्हणाला. “मन्ही कारमा बठ.”

“मी नही उतरस,” जिजी म्हणाल्या. विषय संपला.

आता गाडीबद्दल सांगतो. जुनी रशियन बनावटीची, साइडकार जोडलेली मोटरसायकल. लिलावातून लिलावात फिरत ती आप्पांच्या हाती लागली. वजन म्हणाल तर वयात आलेल्या म्हशीएवढं, आणि आवाज असा की कोरीटला चालू केली की जिजींच्या माहेरी म्हसावदला लोक जेवायची ताटं वाढतात, आप्पा निघाले म्हणून. या गाडीला चेन नसते. इंजिनाची ताकद एका फिरत्या दांड्यातून मागच्या चाकापर्यंत जाते. दांडा चाकाला भेटतो तिथे एक बंद डबा असतो, आत दोन दातेरी चक्रं तेलात फिरतात. त्या डब्याला म्हणतात फायनल ड्राइव्ह. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला डब्याच्या माथ्यावर टोपीसारखं बारीक भोक असतं. तो वेंट. डाळ शिजताना आपण झाकण जरा तिरपं ठेवतो ना, तेच काम. वेंटमधून हवा यावी, तेल येऊ नये. या गाडीच्या वेंटमधून हवेपेक्षा तेलच जास्त यायचं, आणि वाऱ्याबरोबर टायर आणि ब्रेकवर बसायचं.

आप्पा एसटीचे ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटात काढलेली. एसटीत जिजी कधी बसल्याच तर मागे, पॅसेंजरमध्ये. आप्पा रिटायर झाल्यावर जिजी पडल्या, उजव्या पायाचं ऑपरेशन झालं, आणि तो गुडघा वाकायचा बंद झाला. एसटीत चढता येईना, रिक्षात मावेना. कारमध्ये बसवायचं तर मागच्या सीटवर आडवं करून न्यावं लागे. जिजींनी एकदाच तसा प्रवास केला आणि घरी येऊन सांगितलं, “कारमा मी पेशंट. मले पेशंट बनीसन फिरनं नही.” तेव्हा आप्पांनी ही गाडी शोधली. साइडकारच्या लांब नाकात पाय सरळ पसरता येतो. त्यांनी तिला एक छोटं दार कापलं, चढायला पाट केला. एकदा मला म्हणाले, “जिंदगीभर ती मन्हा पाठमांगे बठी. आते बाजूले बठस.” एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली. किकच्या आवाजात माणसाचे डोळे ओले झालेले कोणाला दिसत नाहीत.

या गाडीची साइडकार उजवीकडे. आपल्याकडे म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला. ट्रकच्या पुढे जायचं तर समोरचं आधी जिजींना दिसतं. त्या हात हलवतात, “चाल!” किंवा “थांब रे!”, आणि आप्पा ऐकतात. घाटात ज्याने कंडक्टरची घंटीही मनावर घेतली नाही, तो माणूस.

तर आता आखाजी आली होती. खानदेशातल्या बाईला आखाजीला माहेरी जायचं असतं, वय कितीही असो. जिजींचं माहेर म्हसावदला. भाऊ म्हातारा, पण दर वर्षी नीमाला झोका बांधून वाट बघतो. दिनेशने सरळ अट घातली: “मिस्तरी, आखाजीच्या आधी एक थेंब जरी खाली दिसला, तर सुरतेचा माणूस येऊन गाडी विकत घेऊन जाईल. बोलून ठेवलंय मी.”

साइडकारच्या दाराची कडी जिजींनी मुठीत धरली आणि सोडली नाही. मी ते पाहिलं आणि म्हणालो, “भाऊ, थेंब पडला तर मी हे गॅरेज बंद करून सुरतेला तुझ्या सोसायटीत वॉचमन होतो.”

माझा कान असा की शहाद्याला नट पडला तर मी नंदुरबारला साइज सांगतो. तरी या गाडीने मला दोनदा फसवलं होतं. पहिल्यांदा आली तेव्हा डब्यात तेल जास्त होतं. जास्त तेल गरम झालं की फेस होतो आणि वेंटमधून बाहेर पडतो. मी ते काढलं, मापात भरलं, पाठवली. परत आली. दुसऱ्यांदा ऑइल सील बदललं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची रबराची रिंग, पॅकिंग बदललं, वेंट रॉकेलने धुतला. परत आली. तेव्हा मी आप्पांना विचारलं होतं, “गाडीला दुसरं कोणी हात लावतं का?” आप्पांनी नीमाकडे बघितलं आणि म्हणाले, “मी नही लावस.”

या वेळी आधी डबा पुसून कोरडा केला आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली. गळती शोधायची ही सगळ्यात स्वस्त तपासणी. पावडर जिथे आधी ओली होते, तिथे चोर. मग जिजींना बसवूनच प्रकाशा गावाच्या रस्त्याला चक्कर मारली, कारण वजन आणि उन्हाशिवाय ही गाडी खरं बोलत नाही. जिजी म्हणाल्या, “मिस्तरी, तू आप्पासारखा चालावस नही. तो खड्डाले इचारीसन जास.” परत आलो. पावडर सीलजवळ कोरडी. वेंटच्या टोपीपासून ओघळ.

मग तेल खाली काढलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

गेल्या वेळी मी मोजून भरलं होतं. तेव्हापासून गाडी गळत होती. गळत होती म्हणजे कमी व्हायला पाहिजे. डब्यात होतं ते मी भरलेल्याहून जास्त! जगात गळून वाढणारं तेल मी पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर वाटलं, कोरीटला जमिनीखाली तेलाची विहीर लागली असणार, आता सरकार येईल, कुंपण घालेल, आणि मला गेटवर सत्काराला बोलावतील. आनंदात मी ते तेल काचेच्या बरणीत ओतलं आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तर बरणीत दोन थर. एका थरात माझं काळपट गिअर ऑइल. दुसऱ्यात पिवळसर, मधासारखं घट्ट काहीतरी. बोट बुडवून वास घेतला. एरंडेल. एरंडेलाचं आणि गिअर ऑइलचं जमत नाही. ढवळलं की एकत्र दिसतात, बसू दिलं की वेगळे होतात.

आणि एरंडेलाची बाटली माझ्यासमोरच होती. जिजींच्या मांडीवरच्या पिशवीत. गुडघ्याला चोळायची.

मी डब्याच्या तेल भरायच्या बुचाकडे पाहिलं. मूळ बूच केव्हाच हरवलेलं. कोणीतरी त्या जागी कान असलेलं, हाताने फिरणारं बूच बसवलं होतं. मग जिजींच्या सीटपासूनचं अंतर नजरेने मोजलं. या गाडीत फायनल ड्राइव्ह उजवीकडे, म्हणजे गाडी आणि साइडकारच्या मध्ये. बसल्या जागेवरून डावा हात खाली सोडला की बूच हातात.

आप्पा आणि दिनेश रसवंतीवर गेले होते. मी पाटावर बसलो.

“जिजी, तेल कसाले टाकतस?”

जिजी लाजल्या. सत्तरी ओलांडलेली बाई नव्या नवरीसारखी लाजली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “निंघाना पहिले वंगण नको? आप्पा घरले कुलूप लावाले जास, तवय मी टाकी देस. थोडसंच.”

बैलगाडीचा नियम तो. निघण्याआधी चाकाच्या आसाला वंगण घालायचं, मग बैल जुंपायचे. त्यांच्या बापाची तापीकाठी भाड्याची बैलगाडी होती. हा हिशोब त्यांच्या हाडात होता.

“पहिली आखाजी व्हती मन्ही,” त्या म्हणाल्या. “सासरनी गाडी. कोनी वंगण टाकं नही. तापीनी वाळूमा आस सुका पडना, रडाले लागना, मंग मोडना. गाडी मांगे फिरनी. त्या साली मी झोका देखा नही. तवयपासून मी सुकी गाडीमा बठस नही.”

मी पाना खाली ठेवला. म्हणालो असतो, जिजी, तुमच्याच हाताने ही गाडी सुरतेला चाललीये. ते खरं होतं. पण खरं बोलायला मला कोणी बिल देत नाही.

“जिजी, हाई डबा बंद शे,” मी म्हणालो. “याचं तेल आतच ऱ्हास. पोट भरेल शे याचं. जास्त झालं की ओकस. पन तहानेलं दुसरं शे. ऐका.”

मी साइडकार हलवली. तिचं चाक ज्या दांड्यावर झुलतं, तो कुईं कुईं करू लागला. तिथला बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची नळी, खरोखरच कोरडा होता. हे मी खोटं बोललो नाही. अशी संधी मला क्वचित मिळते.

“हाई रडस का?” जिजी पुढे वाकल्या.

“कधीपासून. कोनी इचारत नही त्याले.”

मग काम केलं. फायनल ड्राइव्ह धुऊन नवीन तेल मापात भरलं. ब्रेकचे लायनर बदलले. कानाचं बूच काढून पान्याशिवाय न उघडणारं बसवलं. वेंटची टोपी काढून तिथे आटे पाडले, नळीचं तोंड बसवलं, आणि रबरी नळी सीटखाली उंच नेऊन तोंड खाली वळवलं. आता हवा वरून निघेल, आणि फेस चढलाच तर नळीतूनच परत डब्यात उतरेल.

शेवटी भंगारातून विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाची पितळी तेलवाटी काढली. झाकणाची, बोराएवढी. चिंच लावून सोन्यासारखी घासली आणि जिजींच्या उजव्या हाताशी, त्या कुरकुरणाऱ्या बुशवर बसवली. आत नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, भरला. ओतलेलं तेल नमदा पितो आणि बुशला हळूहळू पाजतो.

जिजींनी झाकण उघडलं. पिशवीतून बाटली काढली. बारीक धार सोडली, झाकण लावलं, पदराने वाटी पुसली. मी साइडकार हलवली. आवाज बंद.

“निजना,” जिजी म्हणाल्या, पाळण्यातलं मूल झोपल्यावर म्हणतात तशा.

दिनेशने स्वतः पन्नास ठिकाणी वाकून पाहिलं. गाडीखाली पेपर अंथरला, भर उन्हात आप्पांना प्रकाशापर्यंत पिटाळलं, परत आल्यावर पुन्हा पेपरवर उभी केली आणि स्टूल टाकून समोर बसला. पेपरवर एकच थेंब पडला. तो त्याच्या कपाळाचा होता. मग त्याने सुरतेला फोन लावला आणि म्हणाला, “नहीं भाई, नहीं देनी. घर की गाड़ी है.” जिजींनी तेव्हा कडी सोडली.

आखाजीला दोघं म्हसावदला गेले. तापीचा पूल ओलांडताना जिजींनी आप्पांना गाडी हळू करायला लावली आणि खाली वाळूकडे बघत राहिल्या, असं मागून कारने गेलेल्या दिनेशने मला सांगितलं. भावाने झोका नीमाच्या खालच्या फांदीला बांधला होता, पाय सरळ ठेवून बसता येईल असा. दिनेशनेच झोका दिला. त्याने फोटोही पाठवला. त्यात जिजींचा पाय सरळ समोर, बंदुकीसारखा, आणि तोंड उघडं. हसत होत्या की ओरडत, कळत नाही.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. तेल कुठून गळतं ते प्रत्येक मेकॅनिक बघतो. ओतलं कोणी, हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर माझं एक ऑइल सील वाचलं असतं.

परतीच्या वाटेवर ते गॅरेजला थांबले, मला मांडे आणि आंबे द्यायला. जिजी साइडकारमध्ये डुलकी घेत होत्या, एक हात पितळी वाटीवर. मी जिजींना शब्द दिला नव्हता, पण चहाडी करायचीही इच्छा नव्हती. तरी जीभ माझी. आप्पांना बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, “आप्पा, जिजींच्या गुडघ्याला एरंडेल बरंच लागत असेल, नाही?”

आप्पा डोक्याला रुमाल बांधत होते. गाठ मारून झाली तेव्हा म्हणाले, “गुडघाले ती कधीच लावस नही. बाटली तं मीच भरस.”