मालक असतानाच शिकलेलं काम

आमच्या सासरी म्हातारा झालेला पुरुष मी बघितलाच नाही. सासरे पन्नाशीच्या आत गेले. चुलत सासरे त्यांच्याही आधी. थोरले दीर तर ऊस तोडता तोडता छातीला हात लावून सरीत बसले, ते उठलेच नाहीत. हे सगळं मला लग्न होऊन आल्यावर कळलं. आधी कोण सांगतंय हो?

कडेगावच्या बाजूला आमचं घर, थोडा ऊस, आणि मालक साखर कारखान्यात फिटर. त्यांचं सगळं बोलणं रिटायर झाल्यावरचं. तेव्हा औंधाला यमाईच्या पाया पडायला निवांत जायचं, तेव्हा घरावर माडी चढवायची. छातीत कळ यायची अधूनमधून. मी म्हणायचे, मिरजेला दाखवून येऊ.

"सीझन चालू हाय. दवाखाना कुठं पळून जातोय?"

सासूबाई यात पडायच्या नाहीत. बहात्तरचा दुष्काळ सरला, विहिरीत पाणी आलं, तसं त्यांनी मला विहिरीवर नेलं आणि डिझेल इंजिनाचं हँडल हातात दिलं. बायकांनी इंजिन लावायची आमच्यात रीत नव्हती. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. मी रडकुंडीला आले.

मालक बांधावर हसत उभे. "आये, मी जित्ता हाय की अजून! तिला कशाला गडी करतीस?"

"तू हायस तवरच शिकाय पायजे तिनं. मला शिकवाय कोण हुतं रं?"

मालकांचं हसू मावळलं. पण मग त्यांनीच शिकवलं, अंगठा कसा मोकळा ठेवायचा ते.

ते कारखान्यातच गेले, भर सीझनमध्ये, हातात पाना असताना. चाळिशीसुद्धा पुरी नव्हती.

दहावं व्हायचं होतं आणि इकडं ऊस करपायला लागला. भावकीतलं कुणी विहिरीकडं फिरकेना, म्हणून मीच गेले. दोन झटक्यांत इंजिन लागलं. पलीकडच्या रानातनं एक बाई बोललीच, "बघा गं, कसली घट्ट काळजाची!"

सासूबाई मागोमाग आलेल्या. मी त्यांच्यावरच तुटून पडले. "मला इंजिन शिकवत बसलासा, त्यापरास त्यांना धरून दवाखान्यात का न्हाई न्हेलं?"

"तेच्या बाला न्हेलं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "गाडीत घालून, मिरजेला."

आणि खोरं उचलून पाण्याची दारं धरायला सरीत उतरल्या.