डिकीतला पाटा

अख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्यासारखा गाडी चालवणारा न्हाय. हे मी यष्टीत दांडीला लोंबकळत शेजारच्याला सांगत आसतो, कारण घरच्या गाडीची चावी बायकोनं माझ्याकडनं काढून घेतलीय.

त्येला कारण सासऱ्याची गाडी. माझं सासरं अंथुर्ण्याचं, सगळं गाव त्यास्नी तात्या म्हणतं. देशात पहिल्यांदा साध्या माणसासाठी छोटी कार निघाली, तवा पैसं भरून नाव नोंदवायचं आन चिठ्ठी निघायची वाट बघायची. तात्यांचं नाव पहिल्याच खेपंत निघालं. सामान जपानातनं यायचं आन हितं जोडायचं, असली ती गाडी. तात्यांनी ती पुण्यातनं आणली, तर गावातल्या चार गड्यांनी पारापुढं उचलूनच दाखवली.

"तात्या, ही काड्याची पेटी वाऱ्यानं उडंल की ओ."

तात्यांस्नी ते पटलं. घरात गेलं, मिरच्या वाटायचा दगडी पाटा उचलला आन डिकीत ठिवला. तवापासनं पाटा गाडीत. (सासूबाई मिक्सर येईपर्यंत शेजारणीच्या पाट्यावर वाटत हुत्या.)

परवाच्या अधिक महिन्यात बारामतीत जुन्या गाड्या जमवायचं ठरलं. पहिल्या खेपंतल्या गाड्यांची येगळी रांग. अट एकच, गाडी सोताच्या इंजनावर मैदानात आली पायजे, आन ती बी अकराच्या आत. तात्यांनी नवी टोपी आणली हुती. "एकदा त्या रांगंत ष्टेरिंगला बसून जातो, मग गाडी मोडीत गेली तरी चालंल," म्हणायचं.

नेमकं त्याच दिवशी आमी दोघं धोंडं जेवायला सासरवाडीला. अधिक महिन्यात जावई म्हंजी देव, त्येला न्हाय म्हणायचं नसतं. (खरा देव बी इतका अंगावर येत नसंल.)

सकाळीच मी म्हणलं, "तात्या, गाडी मळलीय. मी धुतो."

तात्यांचा चहा तोंडापाशी थांबला. "कालच पुसलीय की."

"पुसून काय व्हतंय?"

तात्यांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई म्हणल्या, "धुवू द्या. जावई हायेत."

मेव्हण्याचा, म्हंजी दत्ताचा, ट्रॅक्टर धुवायचा पंप हुता. ट्रॅक्टरचा चिखल जेनं निघतो त्या जोरानं मी गाडी झोडली. मग बॉनेट उघाडून आत बी मारलं.

दत्ता जवळ आला. "दाजी, इंजनात पाणी..."

"घाण आतच जास्त आसती," मी म्हणलं.

मग डिकी उघाडली, तर पाटा. "हे वझं कशाला?" म्हणून मी तो काढून ओट्यावर ठिवला. तात्या उठलं, आन परत बसलं.

चावी फिरवली. गाडी खोकली सुदिक न्हाय. नऊ वाजून गेलं हुतं. तात्या आत-बाहेर करायला लागलं, टोपी काढ, टोपी घाल.

"ढकलून चालू करू," मी म्हणलं. तात्या ष्टेरिंगला बसायला आलं, तवर मी जाऊन बसलो बी. "तुमी कशाला तरास घेता?"

तात्यांनी धरलेलं दार सोडलं. जावई.

घरापुढचा उतार थेट उसाला जातो. दत्तानं आन दोन गड्यांनी ढकललं, आन पाट्याबिगर हलकी झालेली ती पेटी सुटली. ब्रेक दाबला, तर ते बी मीच धुतलेलं! लागंनात. मागनं सगळी पळत हुती, पण आदबीनं.

"जावईबापू, जरा थांबलात तर बरं हुईल," सासूबाई वरडल्या.

थांबलो. उसात. बाहेर निघालो तवा कानात पाचट. तात्या धापा टाकत आलं आन मायेनं हात फिरवला. बॉनेटवरनं.

दत्तानं ट्रॅक्टरला दोर लावला आन तसंच बारामतीचा रस्ता धरला. ष्टेरिंग मीच धरलं हुतं. माझी बायको, सुनंदा, मागच्या सीटवर पाटा पायापाशी घेऊन बसली. तात्या ट्रॅक्टरच्या मडगाटावर उलटं बसून आपल्या गाडीकडं बघत हुतं. ऊसवालं हात करत हुतं. मी बी करत हुतो.

मैदानाच्या दारात बिल्लावाल्यानं हात आडवा केला. "ओढून आणलेली चालत न्हाय. पाच मिंट ऱ्हायलीत."

"मी बघतो," म्हणून मी बॉनेटकडं निघालो.

तात्या खाली उतरलं. माझ्या हातातनं चावी घेतली, ष्टेरिंगला बसलं, चोक वढला. वारं आन ऊन खाऊन इंजन वाळलं हुतं. गाडी दोनदा खोकली आन चालू झाली.

मी घाईनं पलीकडचं दार उघाडलं. म्हणलं, रांगंत आपुन बी दिसावं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय. "जावईबापू, तुमचा मान दुपारी ताटावर. सुनंदे, पाटा हितं पुढं ठिव, माझ्याशेजारी. एवढ्या वर्सात त्येनं गाडीला एकदा बी शाणपणा शिकिवला न्हाय."