कयाकचं कव्हर शिवणारे हवालदार

हवालदारकाका कुणाचंही माप उभ्यानं घेत नसत. दुकानात आलेल्या माणसाला ते सरळ जमिनीवर बसवायचे, पाय पुढे पसरून, गुडघे किंचित वर. मी वाईच्या शाळेत शिकवते. पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेतूनच निघाले होते, साडीत. ट्रॅक्टरच्या हूडांच्या ढिगात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत अशी बसकण मारताना मला भारी लाज वाटली. "होडीत उभं ऱ्हानार हाय का तुमी बाई?" काका म्हणाले. "न्हाई न्हवं? मग उभ्याचं माप घिऊन काय करू? बसलं की पोट येगळं असतंय." माझ्या पोटाबद्दल इतकं खरं तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

उंब्रजला सर्व्हिस रोडवर त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. लष्करात ते तंबू आणि गाड्यांच्या ताडपत्र्या शिवायचे, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि गावी येऊन पुन्हा मशीनवरच बसले. आम्ही चौघं धोमच्या धरणात कयाक चालवणारी हौशी मंडळी. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, लांबट होडी. पाय आत सरकवून बसायचं आणि वल्हवायचं. हिवाळ्यात होड्या गाडीच्या टपावर बांधून आम्ही कुंभार्ली घाटानं गुहागरच्या समुद्राला जायचो, आणि उंब्रज वाटेतच लागायचं.

समुद्रात स्कर्ट, म्हणजे होडीचं तोंड, बसायची जागा, झाकणारं कापड, लागतोच. तो कमरेला घट्ट बसतो आणि त्याची खालची इलॅस्टिकची कड होडीच्या तोंडाभोवती अडकवायची, म्हणजे लाट अंगावर आली तरी पाणी आत शिरत नाही. होडी उलटली तर पुढची दोरी ओढायची. स्कर्ट सुटतो आणि माणूस बाहेर येतो. माझा पहिला स्कर्ट मी चित्र बघून मागवला होता. पातळ नायलॉनचा, ढगळ. चार लाटांत मांडीवर तळं साचायचं आणि पाचव्या लाटेला ते तळं आत उतरायचं. माझा मित्र विनायक, त्याचा महागाचा रबरी स्कर्ट कडेला फाटला होता. तो शिवून घ्यायला म्हणून आम्ही काकांकडे गेलो आणि तिथलेच झालो.

काका त्याला स्कर्ट म्हणत नसत. त्यांच्या लेखी ते कव्हर. "गाडी बघितल्याबिगार मी कव्हर शिवत न्हाई," म्हणून त्यांनी होडी दुकानासमोर उतरवायला लावली आणि तिच्या तोंडाच्या कडेवरून दोरी फिरवून माप घेतलं. बघ्यांची ही गर्दी जमली. कमरेचं माप थंडीतलं जाकीट चढवून घेतलं. धरणाच्या संथ पाण्याला नायलॉन चालेल, पण लाटेला जाड रबरी कापडच पाहिजे, हे त्यांनी स्वतः समुद्र न बघता, फाटका तुकडा दोन बोटांत ताणूनच सांगितलं. शिवणीतून पाणी झिरपतं हे कळल्यावर प्रत्येक शिवणीवर आतून पंक्चरचं सोल्यूशन फिरवलं.

निगा राखण्याच्या बाबतीत मात्र ते पक्के फौजी होते. गुहागरहून परतताना दुकानासमोर थांबायचं, स्कर्ट पिंपातल्या गोड्या पाण्यात बुडवून दोनदा खंगाळायचे, ही शिस्तच होती. "मीठ लोनच्याला बरं, रबराला न्हाई." वाळवायचे ते सावलीत, जाड पाइपावर पसरून. घडी घातलेली चालायची नाही. विनायकनं एकदा कापड मऊ राहावं म्हणून खोबरेल चोळलं, तेव्हा काकांनी त्याला दुकानाबाहेरच उभा केला. "डोस्क्याला लाव रं ते गड्या, थितं गरज हाय." स्कर्ट होडीवर तसाच चढवून आठवडाभर ठेवला तर मला बोलणी बसायची. "सारखं ताणून ठिवल्यावर इलॅस्टिक मरनार न्हाई तर काय करंल?"

अशा माणसाच्या हातून चूक झाली, आणि ती झाली त्यांच्या चांगल्या सवयीमुळे. ट्रकच्या ताडपत्रीचा एकही बंद लोंबता ठेवायचा नाही. लोंबता बंद वाऱ्यानं फडफडतो, कशाततरी अडकतो आणि शिवणाऱ्याची अब्रू जाते. माझा नवा स्कर्ट त्यांनी असा देखणा शिवला की बघत राहावं. पुढची दोरी तेवढी आत दुमडून, नीट चापून शिवून टाकली होती. वर इलॅस्टिक हायवेच्या वाऱ्याला टिकेल इतकं आवळलेलं. मी तो हातात घेऊन दहा वेळा उलटासुलटा केला आणि "काय सफाई आहे!" म्हणाले. दोरी कुठे आहे हे विचारलं नाही. संथ पाण्यात एकदा उलटून बघायचं, हा आमच्यातला पहिला नियम. तोही मी पाळला नाही. म्हणजे चुकीत माझा वाटा निम्म्याहून जास्त.

गुहागरला विनायकनं दोन्ही हातांनी जोर लावून तो कसाबसा होडीवर चढवून दिला. तिसऱ्या लाटेला मी उलटले. पाण्याखाली डोकं खाली, पाय होडीत, आणि हात दोरी शोधतायत. ती नव्हतीच. मी कड नखांनी ओरबाडली, ती सुटेना. मला मरणाची भीती वाटली, आणि ती कशी असते हे त्या दिवशी कळलं. विनायकनं पाण्यात उडी टाकून होडी सुलटी केली म्हणून मी आज लिहितेय.

परतताना स्कर्ट काकांपुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. रागवायचं ठरवून गेले होते, पण त्यांचा चेहरा बघून जमेना. "किती येळ खाली व्हता?" एवढंच त्यांनी विचारलं. अर्धं मिनिट असेल, मी म्हणाले. त्यांनी कात्री घेतली आणि आमच्यासमोर शिवण उसवायला बसले. त्या दिवशी नेहमीचा चहा झाला नाही.

पुढच्या रविवारी ते एस.टी.नं धोमला हजर. पिशवीत तोच स्कर्ट. इलॅस्टिक सैल केलेलं, दोरी लालभडक आणि टोकाला लिंबाएवढी लाकडी गोटी. मी घालायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा बाई. मी शिवलंय, मी बसनार." साठी उलटलेला माणूस बनियनवर स्कर्ट चढवून होडीत बसला. पोहणं त्यांना येत होतं, उलटं लटकणं नाही. विनायक आणि मी छातीभर पाण्यात दोन्ही बाजूंना उभे राहिलो आणि होडी उलटी केली. पहिल्यांदा ते नाकातोंडात पाणी जाऊन वर आले. तरी आणखी दोनदा उलटले, एकदा डोळे मिटून आणि एकदा नुसत्या डाव्या हातानं. मग म्हणाले, "दोरी आदी फुडं वढायची, मग वर. आता घ्या."

तेव्हापासून त्यांनी शिवलेला प्रत्येक स्कर्ट आधी त्यांच्यासकट पाण्याखाली जाऊन यायचा. पुण्याहूनही माणसं होड्या घेऊन मापं द्यायला यायची, आणि काका रविवारची वाट बघायचे. काकू म्हणायच्या, "आवं, गिऱ्हाईक बुडंल ते बुडंल, तुमी कशापायी रोज बुडताय?" काका हसून स्कर्ट पिशवीत भरायचे.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. त्याआधी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. त्या वेळी त्यांनी माझ्यासाठी आणखी एक स्कर्ट शिवून ठेवला होता, पण ते देईनात. "मी तपासलेला न्हाई." मी तपासते म्हटलं तर मान हलवायचे. महिनाभर अशी टोलवाटोलवी चालली. शेवटी मी त्यांना गाडीत घालून धोमला नेलं आणि काठावर खुर्ची टाकून बसवलं. तुमच्या डोळ्यांसमोर उलटते, मग तर द्याल? मी विचारलं. "विनायकला जवळ हुबा करा," ते म्हणाले. केला, आणि काठाकडे पाठ करून होडीवर स्कर्ट अडकवत बसले.

मी उलटले. डोळे मिटून हात पुढे नेला, गोटी मुठीत आली, आधी पुढे, मग वर. स्कर्ट कसा अलगद सुटला. चार आकडे मोजून व्हायच्या आत मी वर आले, तोंडावरचं पाणी निपटलं आणि काठाकडे बघून हात वर केला.

खुर्ची रिकामी होती. काका माझ्या शेजारीच उभे होते, विजार-सदऱ्यासकट छातीभर पाण्यात, एका हातानं माझ्या होडीची कड घट्ट धरून.

"लय येळ लावलासा बाई," ते म्हणाले.