विहीणबाईंचं जाळं, व्याहीबुवांचे गळ

धरणाच्या तळाशी माशांसाठी घर बांधायचं ठरलं, तेव्हा मला मच्छीमार संस्थेत सचिव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी मी नाशकात एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. मासे मला ताटातले ओळखता यायचे, पाण्यातले नाही. रोज सकाळी हरसूलच्या एसटीनं निघायचं, धरणाच्या फाट्यावर उतरायचं, पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढायचं आणि आलेले मासे वजन करून वहीत लिहायचे, एवढंच काम आहे असं मला सांगितलं होतं.

मत्स्य खात्याचे एक तरुण अधिकारी आले आणि म्हणाले, तुमच्या धरणाचा तळ झाडलेल्या अंगणासारखा सपाट आहे, लहान माशांना लपायला जागाच नाही. मग पाटबंधाऱ्याच्या कामातले फुटके सिमेंटचे पाइप, बांबूच्या चौकटी आणि दगड बांधलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या असा सगळा पसारा गोळा झाला. आमच्याकडे होडी म्हणजे थर्माकोलच्या लाद्या जुन्या जाळ्यात बांधून केलेला तराफा. असे बारा-पंधरा तराफे दोन दिवस खेपा घालत होते. सामान बुडवल्यावर जागा कळावी म्हणून चार कोपऱ्यांना तेलाचे पांढरे रिकामे डबे दोरीनं बांधून तरंगत ठेवले. कागदावर त्याचं नाव फार मोठं होतं. लोक म्हणायचे, माशांचं घर.

पावसाळा सरला आणि मासे घरात राहायला आले. त्यांच्या पाठोपाठ आमचे सभासदही.

सभासदांत दोन तट होते. अर्धे जाळेवाले, अर्धे गळवाले. जाळेवाल्यांचं सगळं एका बाईंच्या शब्दावर चालायचं. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून त्या स्वतः तराफा वल्हवून जाळं लावायच्या. पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. गळवाल्यांचे पुढारी एक वाळकेसे बाबा. लांबलचक दोरी, तिला हात-हातभर अंतरावर गळ, गळाला गांडूळ. बाई तोंडानं फटकळ, बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलले तर खूप. आणि गंमत अशी की तीन वर्षांपूर्वी बाईंची लेक बाबांच्या मुलाला दिलेली. म्हणजे दोघं व्याही-विहीण. भांडायचं तरी मान राखून भांडायला हवं.

पहिल्याच आठवड्यात बाबांची गळांची दोरी बाईंच्या जाळ्यात गुंतली. दोघं ओल्या अंगानं माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, आमचे व्याही लय प्रेमळ," बाई म्हणाल्या. "त्यांचे गळ आमच्या जाळ्यात पाहुणे आले. चाळीस जागी जाळं फाडून गेले. आम्ही चहा तरी पाजला असता."

बाबांनी शांतपणे टेबलावर तुटलेली दोरी ठेवली. "विहीणबाईंचं जाळं आमच्या दोरीवर येऊन बसलं. दोरी आदल्या सांजेची होती."

"मग व्याहीबुवांनी पाटी लावायची. आम्हाला पाण्याखालचं दिसत नाय."

असं दर दोन-तीन दिवसांनी चालायचं. कधी गळ जाळ्यात, कधी जाळं पाइपांत अडकून फाटलेलं. पुरावा म्हणून आणलेले तुकडे मी कपाटात ठेवत गेले. महिन्याभरात कपाटाला असा वास सुटला की वह्या मला खिडकीत ठेवाव्या लागल्या. मी वार वाटून दिले. पण हरसूलच्या बाजाराच्या आदला दिवस दोन्ही तटांना हवा होता. मी बैठक घेतली. बैठकीत दोघांनी एकमेकांची इतकी विचारपूस केली की मुद्द्याला वेळच उरला नाही.

त्या दोघांच्या मध्ये खरी पिचत होती ती लेक. सकाळी सासऱ्यांच्या गळांना गांडुळं लावायची, दुपारी आईच्या जाळ्याला टाके घालायचे. एकदा ती माझ्याकडे आली ती नाकाला पदर लावूनच. फाटलेल्या जाळ्याचा एक मोठा तुकडा माशांच्या घरावरच अडकून राहिला होता. तिनं आकडा टाकून त्याचा कोपरा वर ओढला होता. त्यात सडलेले मासे होते आणि नुकते अडकलेले जिवंतही.

"कोणाच्याच पोटात जात नायत, मॅडम," ती म्हणाली. "ते जाळं एकटंच मासे मारतंय खाली. आईला सांगितलं तर म्हणती, आधी तुझ्या सासऱ्याचे गळ काढ. मामंजी म्हणतात, आधी आईचं जाळं."

तिनं खिडकीतून तरंगणाऱ्या डब्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सगळे डबे बघून जातात. डबेच सरकवले तर?"

मी सचिव आहे, नियम पाळणं माझं काम आहे, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मी विचारलं, "किती लांब सरकवता येतील?"

कळवणकडे कोणाचं तरी लग्न होतं. अख्खी वस्ती दोन पिकअपमधून गेली. लेकीनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं, मी कार्यालय उघडं ठेवायचं कारण काढलं. भर दुपारी ती तराफा वल्हवत होती आणि मी गळ्यात एक, कमरेला एक अशा ट्रॅक्टरच्या दोन फुगवलेल्या ट्यूब घालून मधोमध बसले होते. ती हसते आहे हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. थर्माकोल कुरकुरला की मी मारुतीला नवस बोलायचे. चौथ्या डब्यापर्यंत माझे पाच नवस झाले होते आणि एक चप्पल पायातून गेली होती. दगडासकट डबे ओढून आम्ही ते दीडशे हात पलीकडे, नुसत्या सपाट चिखलावर नेऊन सोडले. हेतू साधा होता. सगळे तिकडे भांडोत, घराला थोडी उसंत मिळू दे.

दुसऱ्या दिवसापासून धरणावर शांतता पसरली. जाळ्याला अडकायला काही नाही, गळांना गुंतायला काही नाही. बाई जाळं दाखवायला आल्या. "बघा मॅडम, नवरीच्या शालूसारखं निघालं. पाइप बसले वाटतं खाली नीट."

"बसले असतील," मी म्हणाले. मागं वजनकाट्यापाशी लेक अंगाला कसलातरी झटका आल्यासारखी वाकली होती.

इतर सभासदांचे मासे थोडे कमी झाले. थंडीचे दिवस आहेत, असं मीच सांगत सुटले. पण एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. बाई आणि बाबा, या दोघांचं वजन कमी होईना. उलट वाढलं. बाबा एकदा हाताएवढा मरळ घेऊन आले, घमेल्यातल्या पाण्यात उड्या मारणारा. मी मनाशी म्हटलं, श्रद्धा असली की चिखलातही मासा मिळत असेल.

मग ते तरुण अधिकारी पाहणीला आले. सोबत खात्याची प्लास्टिकची नाव आणि हातात मावेल एवढं एक यंत्र, पाण्याचा तळ पडद्यावर दाखवणारं. हे यंत्र जगात आहे हे मला माहीत नव्हतं. मला नारिंगी जाकीट चढवून नावेत बसवलं. शेजारून बाईंचा तराफा, त्यामागे बाबांचा, बाबांच्या मागे लेक. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. माझा कसा दिसत होता कोण जाणे.

डब्यांच्या मधोमध नाव थांबली. साहेबांनी पडदा पाहिला, यंत्र हलवलं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम, इथे तर काहीच नाही. तळ सपाट आहे."

"गाळ बसला असेल," मी म्हणाले.

"तीन ट्रॅक्टर सामान होतं. सगळं गाळात?"

आता खरं सांगावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात मागून दुसऱ्याच कोणाचं तरी खोकणं ऐकू आलं. बाबा.

"साहेब, डबे वाऱ्यानं सरकलेत. मागं वारा झाला ना मोठा."

"लय वारा," बाई लगेच म्हणाल्या. "आमच्या घरावरचा पत्राबी उडाला."

पत्रा उडाला नव्हता. पण हे दोघं एका सुरात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग घर आहे कुठे?" साहेबांनी विचारलं.

दोघांचेही हात एकाच वेळी वर झाले आणि एकाच जागेकडे वळले. मग दोघांनी हात खाली घेतले, एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चोरानं चोराकडे पाहावं तसं होतं ते.

तिथे गेलो तर पडद्यावर डोंगर उगवले. पाइप, फांद्या, आणि त्यावर माशांचे ठिपके, तीळ सांडल्यासारखे. पाण्यावर शीतपेयांच्या हिरव्या बाटल्या ओळीनं तरंगत होत्या. पाण्याच्याच रंगाच्या, त्यामुळे काठावरून कधी दिसल्याच नव्हत्या.

"ह्या कसल्या?" साहेब म्हणाले.

"हद्द," बाई म्हणाल्या. "बाटल्यांच्या आत गळ. जाळं बाहेर. जाळं आत गेलं तर पाइपात फाटतं. गळाला आत त्रास नाय, सरळ खाली जातो. घरातून बाहेर फिरायला आलेला मासा जाळ्याचा, घरात बसलेला गळाचा."

"आन् आमुशेला कोणीच नाय," बाबांनी पुस्ती जोडली. "मासा घरात निवांत बसू दे."

साहेब खूश झाले. हे कोणी ठरवलं म्हणून विचारलं. बाईंनी बाबांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "सचिव मॅडमनी." साहेबांपुढचं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

साहेब गेल्यावर आम्ही चौघं काठावर बसलो. मी विचारलं, "तुम्हाला जागा कशी सापडली?"

बाबांनी पाण्याकडे बोट केलं. "तिथं माझं वावर होतं, धरणाच्या आधी. घर बरोब्बर माझ्या विहिरीच्या अंगाला आलंय. मला कशाला डबं पाहिजे?"

बाईंचं निराळं होतं. काठावरचा पिंपळ आणि पंपाची खोली एका रेषेत आली आणि डोंगराची खिंड उजव्या खांद्यावर आली, की खाली घर. सामान बुडवलं त्याच दिवशी त्यांनी हे मनात ठेवलं होतं.

"चौथ्या दिवशी पहाटे गेले," बाई सांगू लागल्या, "तर हे आधीच गळ सोडून बसलेले. म्हटलं, काय व्याहीबुवा, डबे तिकडं, तुम्ही इकडं? तर म्हणाले, तुम्हीबी इकडंच की."

"मग भांडलात?"

"कसं भांडणार? ओरडलो तर बाकीच्यांना जागा कळती. म्हणून हळू बोललो." त्या जरा थांबल्या. "हळू बोलून भांडण होतच नाय, मॅडम. चार वाक्यांनी जोर जातो. मग काय, वाटणी केली."

"डबे कोणी हलवले, ते माहीत होतं?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "आमच्या तराफ्यावर मॅडमची चप्पल सापडली. पोट दुखणारीला विचारलं, तिनं सगळं सांगितलं."

लेक खाली मान घालून गवत उपटत होती. म्हणजे मी आडून सगळ्यांवर हसते आहे असं समजत होते, तेव्हा ते तिघं माझ्यावर हसत होते.

हसून झाल्यावर मात्र मला बरं वाटेना. बाकीचे सभासद इतके दिवस चिखलावर जाळी टाकत होते आणि मी त्यांना थंडीचं कारण देत होते. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि डब्यांची गोष्ट सांगितली. काही हसले. काही अजिबात हसले नाहीत. एक म्हातारे सभासद म्हणाले, "बाई, आम्ही तुमच्यावर विसंबलो व्हतो." व्याही-विहिणींनाही बोलणी बसली, आणि या वेळी त्यांना मोठ्यानं उत्तर देता येत असूनही ते दोघं गप्प बसले.

शेवटी ठरलं ते असं. बाटल्यांची हद्द सगळ्यांसाठी. जाळं बाहेर, गळ आत, अमावास्येला सुट्टी. ज्याचं जाळं खाली अडकेल त्यानं त्याच आठवड्यात काढायचं. नाही निघालं तर सगळ्यांनी मिळून. आणि अडकून पडलेलं ते जुनं जाळं काढायला सचिवांनी स्वतः यायचं, हा ठराव बाईंनी मांडला आणि बाबांनी त्याला अनुमोदन दिलं.

रविवारी सकाळी आम्ही सात तराफे गोल लावले. दोघं खाली बुडी मारून फांदीपासून जाळं सोडवत होते, बाकीचे वरून ओढत होते. माझ्या हातातही दोर होता. जाळं वर येऊ लागलं तसा तो वास आला. कपाटातला वास त्यापुढे उदबत्ती वाटावा असा. मी दोनदा तराफ्याच्या कडेला वाकले. बाबांनी दोन्ही वेळा माझा दोर धरला आणि दुसरीकडे पाहत राहिले. जाळ्यात अजून काही जिवंत मासे होते. लेक ते एकेक करून सोडवत होती. कल्ल्यात रुतलेला दोरा नखानं तोडायचा, मासा पाण्यात क्षणभर तसाच आडवा धरायचा, मग सोडायचा. एक कटला तिच्या हातातून गेला तो बाईंच्या तोंडावर पाणी उडवून. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जा, व्याहीबुवांच्या ओसरीवर जाऊन बस."

काठावर येऊन मी साबणानं तीनदा हात धुतले, साडीचा काठ पिळला आणि दुपारची एसटी पकडली. रविवार असल्यामुळे गाडी खच्चून भरलेली. तरीही मी बसल्यावर शेजारच्या बाई उठून पुढे उभ्या राहिल्या, त्यांच्या जागी बसलेले आजोबाही. कंडक्टरनं तिकीट लांबूनच हात पुढे करून दिलं. तीन माणसांच्या बाकावर खिडकी उघडून, पाय सैल सोडून मी थेट नाशकापर्यंत एकटी आले.